ऊस, अरण्य आणि आभाळ
(मॉरिशस बेटाच्या हवामाननोंदींपासून घ्यावयाचा धडा : कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



हवामानाचा प्रश्न हा शास्त्रज्ञांचा, फार तर परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्यांचा प्रश्न आहे. कामगार-शेतकऱ्यांच्या चळवळीने त्यात वेळ दवडू नये, अशी एक समजूत पुरोगामी वर्तुळात अद्याप टिकून आहे. दुसरीकडे, पृथ्वी तापत चालली असल्यामुळे वर्ग, जात आणि मालकी यांचे जुने वाद आता बाजूला ठेवावेत, असे सांगणारा एक सुशिक्षित गटही वाढतो आहे. या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या आहेत, हे अमूर्त चर्चेपेक्षा एखाद्या प्रत्यक्ष भूभागाच्या इतिहासावरून अधिक स्पष्ट होते. हिंदी महासागरातील मॉरिशस हा असा एक भूभाग आहे. बेट लहान, नोंदी जुन्या आणि समाजाची घडण उघड. त्यामुळे आभाळात काय बदलले आणि जमिनीवर कोणी काय बदलले, हे दोन्ही तेथे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

मादागास्करच्या पूर्वेस, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर वसलेले हे ज्वालामुखीजन्य बेट जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटरांचे आहे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरील बाष्प घेऊन येतात, मधल्या पठारावर चढतात आणि तेथे पाऊस टाकून पश्चिमेकडे कोरडे होऊन उतरतात. कोकण, घाटमाथा आणि त्यापलीकडील देश यांचा संबंध ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर काही तासांच्या पायी वाटेवरील पश्चिम किनाऱ्याला त्याचा पाचवा हिस्साही कष्टाने लाभतो. १९७१ ते २००० या तीस वर्षांची साऱ्या बेटाची सरासरी सुमारे २,००० मिलिमीटर होती.

या बेटावर हवामानाची पद्धतशीर नोंद फार पूर्वी सुरू झाली. चार्ल्स मेल्ड्रम हा स्कॉटिश गणितज्ञ १८४६ साली मुंबईच्या शिक्षण खात्यात रुजू झाला आणि दोन वर्षांनी मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात गणिताचा प्राध्यापक म्हणून गेला. १८५१ साली त्याने तेथे हवामान संस्था स्थापन केली. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या रोजनिशा गोळा करून त्यांतून वादळांचे मार्ग शोधण्याचे काम त्याने वर्षानुवर्षे केले. १८७० साली पांप्लमूस येथे रॉयल अल्फ्रेड वेधशाळेची पायाभरणी झाली. या उद्योगामागे साम्राज्याच्या जहाजवाहतुकीचा आणि साखरेच्या विम्याचा स्वार्थ होता, हे खरे. तथापि नोंद एकदा झाली की ती कोणाच्याही स्वार्थाची बटीक राहत नाही. पुढच्या पिढ्या तिला आपले प्रश्न विचारू शकतात.

त्या नोंदी आज काय सांगतात? मॉरिशसच्या हवामान खात्याने १९०५ ते २००७ या शतकभराच्या पर्जन्यमालिकेचे विश्लेषण केले आहे. वार्षिक पाऊस दर दशकास सरासरी सुमारे ५७ मिलिमीटरांनी कमी होत गेला, असा त्याचा निष्कर्ष आहे. ही संपूर्ण मालिकेतून काढलेली सरळ रेषा आहे. दरवर्षी पाऊस तेवढाच घटला, असा तिचा अर्थ नाही. मधल्या काळात ओली वर्षे आली, वादळांची वर्षे आली. मालिकेच्या अखेरच्या दशकाची तुलना १९५०च्या दशकाशी केली, तर घट सुमारे आठ टक्के भरते. तापमानाचे चित्र अधिक एकसुरी आहे. ते दर दशकास सुमारे ०.१५ अंश सेल्सिअसने वाढत आहे आणि १९६१–९०च्या सरासरीपेक्षा किमान ०.७४ अंशाने, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, वर गेले आहे. शहरी केंद्रांवर ही वाढ जास्त दिसते.

परंतु आकड्यांच्या बेरजेपेक्षा महत्त्वाची गोष्ट पावसाच्या वागणुकीची आहे. पावसाचे दिवस कमी झाले आहेत आणि सलग कोरड्या दिवसांची संख्या वाढली आहे. हिवाळा संपून उन्हाळी पाऊस सुरू होईपर्यंतचा मधला कोरडा काळ लांबतो आहे. उन्हाळी पाऊस पूर्वीपेक्षा उशिरा येतो. आणि येतो तेव्हा पुष्कळदा थोड्या तासांत कोसळतो. ज्याचे घर पत्र्याचे आहे, ज्याच्या वस्तीत पाण्याची टाकी नाही आणि ज्याचे शेत उताराच्या टोकाला आहे, त्याला हा बदल वार्षिक सरासरीत कधीच दिसत नाही. त्याला तो रिकाम्या घागरीत आणि तुंबलेल्या गटारात दिसतो.

असे का घडले, या प्रश्नाला एकच उत्तर देण्याचा मोह टाळला पाहिजे. येथे दोन वेगवेगळी कारणे काम करीत आहेत : एक बेटावरचे आणि दुसरे जगाचे.

बेटावरचे कारण अरण्यतोडीचे. १६३८ साली वसाहत करणाऱ्या डचांनी तेथील काळ्या शिसवासाठी जंगलात कुऱ्हाड घातली. त्यांच्या मागून आलेल्या फ्रेंचांच्या काळात ती अधिक जोराने चालली. मात्र याच फ्रेंच राजवटीत पिएर प्वाव्र नावाचा एक प्रशासक १७६७ ते १७७२ या काळात बेटावर होता. जंगल तोडले तर पाऊस आटेल, अशी त्याची ठाम धारणा होती. आणि १७६९ साली त्याने जमीनधारकांवर आपल्या जमिनीचा काही हिस्सा वृक्षाच्छादित राखण्याचे बंधन घातले. हवामानाच्या भीतीने केलेल्या जगातील अगदी आरंभीच्या वनकायद्यांत त्याची गणना होते. कॅरिबियनमधील टोबॅगो बेटावर ब्रिटिशांनी १७७६ साली पर्जन्यरक्षणासाठीच डोंगरमाथ्याचे जंगल राखून ठेवले. उष्ण कटिबंधातील बेटे ही वसाहतवाद्यांची प्रयोगशाळा होती. आपल्या लोभाचे परिणाम इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे त्यांना अन्यत्र कोठे पाहावयास मिळाले नव्हते.

मग कायदा असूनही जंगल का गेले? कारण साखर. १८१० साली बेट इंग्रजांच्या ताब्यात आले. १८२५ साली मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली गेली, आणि नफ्याचे दार उघडले. उताराउतारावर ऊस चढला. १८३५ साली गुलामगिरी संपली. तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती गुलामांना नव्हे, मालकांना : सुमारे एकवीस लाख पौंड. त्या पैशावर आणि हिंदुस्थानातून आणलेल्या करारबद्ध मजुरांच्या श्रमावर मळ्यांचा विस्तार झाला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून पहिले छत्तीस मजूर उतरले. पुढील आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसे त्या धक्क्यावरून गेली. बिहारी, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील मराठी माणसेही त्यांत होती. त्यांचे वंशज आज त्या देशाचे नागरिक आहेत आणि मराठी तेथे शाळेत शिकविली जाते. घाटाखालच्या पावसातून उठून दुसऱ्या एका पावसाळी डोंगराच्या पायथ्याशी गेलेल्या या माणसांच्या हातांनी तेथील दगड वेचले गेले आणि जमीन उसासाठी मोकळी झाली. तोडणाऱ्याचे हात मजुराचे होते. परंतु तोडावे की राखावे, हा निर्णय त्याचा कधीच नव्हता. आज बेटावर चांगल्या अवस्थेतील मूळ अरण्य जेमतेम दोन टक्के उरले आहे.

जंगल गेल्यामुळे पाऊस किती कमी झाला? येथे शास्त्र प्वाव्रच्या बाजूने संपूर्णपणे उभे राहत नाही. बेटावरचा बराचसा पाऊस वारे डोंगरावर चढल्यामुळे पडतो, आणि झाडे नाहीशी झाली म्हणून डोंगर खाली बसत नाही. तथापि अरण्य धुक्यातील पाणी पकडते, पडलेले पाणी मातीत मुरवते, झरे वाहते ठेवते. ते गेले की तेवढाच पाऊस पडूनही नदी लवकर कोरडी पडते. १८६०च्या दशकात हिवतापाच्या साथीने या बेटावर हजारो बळी घेतले. त्यानंतर मेल्ड्रमने हवामान, आरोग्य आणि अरण्ये यांचा एकत्र विचार करणारा अहवाल १८८१ साली लिहिला, तो याच अस्वस्थतेतून. जंगल, पाणी, रोग आणि मजुरी हे प्रश्न एकाच सुतात गुंतलेले आहेत, हे तेथे दीडशे वर्षांपूर्वीच उमगले होते.

येथे एक सावधगिरीचा इशारा आवश्यक आहे. ‘अरण्य वाचवा, पाऊस वाचेल’ हा विचार बेटांवरून हिंदुस्थानातही आला. मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन याची नेमणूक १८४७ साली झाली, आणि कोकणातील वृक्षतोडीमुळे ओढे आटतात हा त्याच्या युक्तिवादाचा एक भाग होता. विचार निराधार नव्हता. परंतु त्याची अंमलबजावणी कोणावर झाली? जहाजबांधणी आणि रेल्वे यांसाठी सरकार स्वतः लाकूड तोडीत राहिले. आणि १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी गुरे चारणारा, सरपण आणणारा, दळी लावणारा गरीब मात्र गुन्हेगार ठरला. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याच्या या जुलमावर बोट ठेवले ते १८८३ साली. निसर्गरक्षणाचे खरे तत्त्वदेखील मालकीच्या प्रश्नापासून तोडले, की ते दुर्बलांवर चालविण्याचे हत्यार बनते. आज ‘हवामान’ या शब्दाने आदिवासींना जंगलाबाहेर काढण्याचे आणि कोळीवाड्यांना किनाऱ्यावरून हटविण्याचे समर्थन कोठे होऊ लागले, तर चळवळीला हा इतिहास पाठ असला पाहिजे.

आता दुसरे कारण. गेल्या अर्धशतकातील तापमानवाढ एका बेटावरील वृक्षतोडीने स्पष्ट होत नाही. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५०–१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने अधिक होते. ही वाढ कोळसा, तेल आणि वायू जाळण्यातून, तसेच जगभरच्या जंगलतोडीतून झाली, याविषयी आता शास्त्रीय मतभेद उरलेला नाही. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा तो अधिक जोराने पडतो. विषुववृत्ताजवळ वर चढून उपोष्ण पट्ट्यात खाली उतरणाऱ्या हवेच्या अभिसरणाची व्याप्ती ध्रुवांच्या दिशेने वाढते आहे. त्यामुळे मॉरिशससारख्या या पट्ट्याच्या कडेवरील प्रदेशांत कोरडा काळ लांबण्याचा धोका राहतो. शतकभरातील सारी पर्जन्यघट या एकाच कारणाच्या खात्यावर टाकणे घाईचे होईल, कारण पावसात नैसर्गिक चढउतारही मोठे असतात. पण तापमानाची दिशा आणि पावसाचे तुटक, आडदांड होत जाणे यांचा मेळ जागतिक तापमानवाढीशी बसतो, हे निःसंशय.

जगाच्या कार्बन उत्सर्जनात मॉरिशसचा वाटा सुमारे ०.०१ टक्का आहे. म्हणजे ज्या बेटाची जमीन युरोपच्या चहातील साखरेसाठी उजाड झाली, त्याच बेटाचे आभाळही युरोप-अमेरिकेच्या गिरण्यांच्या धुराने बिघडले. एकाच शोषणाचे हे दोन हप्ते आहेत. जानेवारी २००५ मध्ये लहान बेटराष्ट्रांची संयुक्त राष्ट्रसंघाची परिषद पोर्ट लुईसलाच भरली होती. नुकसानभरपाईसाठी स्वतंत्र निधी असावा, ही या राष्ट्रांची मागणी मान्य होण्यास मात्र २०२२ च्या शर्म अल्-शेख परिषदेपर्यंत वाट पाहावी लागली. १८३५ साली एका लहानशा मालकवर्गाला भरपाई देताना साम्राज्याच्या तिजोरीने जी तत्परता दाखविली, तिची आठवण येथे अप्रस्तुत नव्हे.

परंतु सारा दोष परक्यांवर ढकलून मोकळे होणे हीदेखील सत्ताधाऱ्यांना सोयीची भूमिका असते. पाऊस कमी झाला हे खरे. पण पडलेले पाणी कोणाकडे जाते? मॉरिशसमध्ये नद्या आणि कालवे यांचा मूळ कायदा १८६३ सालचा आहे, आणि मळेवाल्यांना त्या काळी मिळालेले खाजगी पाणीहक्क वसाहत संपल्यावरही चालत आले. नळयोजनेत सोडलेल्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी जुन्या वाहिन्यांतून गळून वा हिशेबाबाहेर जाते. २००२ पासून परदेशी श्रीमंतांना निवासी बंगले विकण्याची योजना आली, आणि उसाच्या जमिनींवर हिरवळीची गोल्फ मैदाने उभी राहिली. कोरड्या वर्षी सामान्य वस्तीतील नळ ठरावीक तासच चालतो. दुष्काळ आभाळातून येतो, पाणीटंचाई मात्र कायद्यातून, नळातून आणि मालकीतून येते. जेथे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळूनही एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, त्या कोकणातील कार्यकर्त्याला याचा वेगळा पुरावा नको.

दुष्काळाचा भार कसा वाटला जातो, हेही पाहावे. १९९९ च्या अवर्षणात मॉरिशसचे साखर उत्पादन आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी घसरले. मोठ्या मळ्याकडे सिंचन असते, पतपुरवठा असतो. दोन एकर उसाच्या धन्याकडे आणि हंगामी मजुराकडे त्यांपैकी काही नसते. १९३७ साली लहान ऊसकऱ्यांच्या विशिष्ट जातीच्या उसाला कारखानदारांनी कमी भाव दिला, तेव्हा ल्युनियों फ्लाक येथे उठाव झाला आणि गोळीबारात माणसे मेली. भावाचा तो लढा आणि पाण्याचा आजचा लढा एकाच रांगेतले आहेत.

पुराचेही तसेच. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईसमध्ये दोन तासांच्या आत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि अकरा माणसे मेली. त्यांतील काही पादचारी भुयारात आणि वाहनतळात अडकून बुडाली. पाऊस असाधारण होता, हे मान्य. पण बुजविलेले ओढे, अडविलेले निचरे आणि उतारावर चढलेले सिमेंट ही काही हवामानाची करणी नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाने हीच राजधानी पुन्हा पाण्याखाली घातली. इशारा वेळेवर मिळाला नाही म्हणून लोक संतापले आणि हवामान खात्याच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. एका अधिकाऱ्याच्या राजीनाम्याने निचरा मोकळा होत नाही.

तरीही या इतिहासात निराशेलाच जागा आहे असे नाही. १८९२ च्या एप्रिलमधील वादळात या बेटावर सुमारे बाराशे माणसे मेली. १९६० साली ‘कॅरोल’ हे त्याच तोलाचे प्रलयंकारी वादळ आले. हजारो कुटुंबांची गवताची व पत्र्याची घरे त्यात उडाली, पण मृत्यू त्या मानाने फार थोडे झाले. कॅरोलनंतर सरकारी खर्चाने पक्क्या घरांच्या वसाहती उभारल्या गेल्या, इशाऱ्याची यंत्रणा सुधारली, आणि पुढील वादळांतील जीवितहानी आणखी खाली आली. वारा सौम्य झाला नव्हता, भिंती मजबूत झाल्या होत्या. सार्वजनिक घरबांधणी, सार्वजनिक आरोग्य, सार्वजनिक शिक्षण : ज्यांना समाजवाद्यांच्या जुनाट मागण्या म्हणून हिणविले जाते, त्याच हवामानाच्या संकटातील पहिल्या तटबंद्या आहेत.

यातून चळवळीसाठी तीन कामे निघतात. पहिले, नोंदीचे. पर्जन्यमापकाचा आकडा हा तहसीलदाराच्या कपाटातील गुप्त कागद नव्हे. आपल्या मंडळात किती पाऊस पडला, किती दिवसांत पडला, विहिरीची पातळी किती उतरली, याची वही प्रत्येक शाखेत असली पाहिजे. पीकविमा आणि दुष्काळ जाहीर करणे, दोन्ही याच आकड्यांवर ठरतात. ज्याच्याकडे आकडा नाही, त्याचे निवेदन कचेरीत पडून राहते. दुसरे, मालकीचे. पाणी कोणाचे, माथ्यावरचे रान कोणाचे, ओढ्याच्या पात्रावर बांधकामाची परवानगी कोणी दिली, हे प्रश्न ग्रामसभेत आणि नगरपालिकेत विचारल्याविना हवामानावरील कोणताही ठराव पोकळ राहील. तिसरे, श्रमाचे. तापमान वाढते तसे उघड्यावरील काम अधिक जीवघेणे होते. उसाच्या फडात कोयता चालविणारी स्त्री असो की रस्त्यावर डांबर टाकणारा मजूर. दुपारची सुटी, सावली आणि पिण्याचे पाणी या मागण्या आता मजुरीच्या दराइतक्याच ठामपणे मांडल्या गेल्या पाहिजेत.

मॉरिशसच्या मळ्यांत गेलेल्या कोकणी मजुराच्या करारात मजुरी लिहिलेली होती, मुदत लिहिलेली होती. त्या जमिनीच्या, पाण्याच्या आणि झाडांच्या भवितव्याविषयी त्याला विचारण्यात आले नव्हते. तो अधिकार त्याच्या वंशजांनी मतपेटीतून आणि संपांतून थोडाफार मिळविला. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तरी पाण्याचा कायदा १८६३ चाच राहिला. बदलत्या आभाळाखाली कोणी किती सोसावे, हे निसर्ग ठरवीत नाही. ते ठरविणारी माणसे, कायदे आणि कचेऱ्या पत्त्यानिशी सापडतात, आणि चळवळीने आपला मोर्चा त्या पत्त्यावर नेला पाहिजे.